चहाच्या झारीची तोटी

बायको गेल्यानंतर तीन आठवड्यांनी संग्रहालयातून फोन आला. फोनवर तिथल्या आशियाई विभागाच्या प्रमुख बाई होत्या. जन्म चीनमधला, शिक्षण तैवानमधलं, आणि अमेरिकेत येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. माझी बायको त्यांच्या हाताखाली सहा वर्षं बिनपगारी काम करत असे. बाईंनी आधी दोन वाक्यांत दुःख व्यक्त केलं. मग त्यांनी विचारलं, कार्डं तुमच्याकडे आहेत का?

कार्डं माझ्याकडे होती. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात, बुटांच्या खोक्यात. तळहाताहून थोडी मोठी, आखलेली, पेन्सिलीनं लिहिलेली. किती होती ते मी मोजलं नव्हतं. सगळी मराठीत होती. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण विचार करताना तिला मराठी लागे, आणि ही कार्डं म्हणजे तिचा विचार होता. इंग्रजी ती शेवटी करणार होती.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. आम्ही सनीव्हेलमध्ये दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मी एका चिप बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला होतो. मुलगी पंधरा वर्षांची, जन्मानं इथलीच. सगळ्या गावातली मराठी माणसं तेव्हा एका मोठ्या दिवाणखान्यात मावली असती, आणि महिन्यातून एकदा, मराठी मंडळाच्या बैठकीला, मावतही. संग्रहालय तिथून ट्रेननं चाळीस मिनिटांवर होतं, आणि तिथं मराठी वाचणारं अर्थातच कुणी नव्हतं.

बाईंचं म्हणणं साधं होतं. ऑक्टोबरमध्ये एक छोटी शोकेस उघडायचं ठरलं होतं. चहाची जुनी चिनी भांडी, आणि ती कुठून कुठे गेली, कुणाकडून काय घेऊन आली, एवढाच विषय. मांडणी माझ्या बायकोची. पाट्यांचा मजकूर तिच्या कार्डांवरून करायचा होता. मी इंग्रजी करून देईन का?

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला अर्धवट माहीत होती. त्यांच्याकडे पाट्यांवर कुणाचं नाव नसतं. बोलायचं ते वस्तूनं, असा बाईंचा नियम. पण एखाद्यानं खरोखर नवीन काही शोधून काढलं असेल, तर त्या पाटीच्या शेवटच्या ओळीत त्याचं नाव देतात. माझ्या बायकोनं एका झारीच्या तोटीबद्दल नवीन काही मांडलं होतं. त्या पाटीवर तिचं नाव येणार होतं.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

ती पुण्याला इतिहास घेऊन एम.ए. झाली होती. लग्न होऊन इथं आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, त्यामुळे बरीच वर्षं नोकरी करता येत नव्हती, आणि करता येऊ लागली तेव्हा इतिहासातल्या एम.ए.ला कुणी विचारत नव्हतं. मुलगी शाळेत रमल्यावर ती संग्रहालयात जाऊ लागली. पहिलं वर्ष पाकिटांवर पत्ते लिहिले. दुसऱ्या वर्षी बाईंनी तिला तळघरात नेलं, जिथं मांडायला जागा नसलेल्या वस्तू ठेवतात.

तळघराची शिस्त तिनं घरी येऊन मला सांगितली होती. पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. चिनी मातीला हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोज्यातून वस्तू निसटते. हात धुऊन, कोरडे करून, दोन्ही हातांनी धरायची. अंगावरचं सगळं काढून ठेवायचं, अंगठी, बांगड्या, गळ्यातलं. मंडळातल्या एका काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, अगं, मंगळसूत्रसुद्धा? तर ही म्हणाली की हो, हजार वर्षं टिकलेलं भांडं माझ्या सौभाग्यानं फुटलं तर बरं दिसेल का?

आणि कार्डांची शिस्त. कार्डाच्या पुढच्या बाजूला ‘काय दिसतं’. मागच्या बाजूला ‘काय वाटतं’. पुढच्या बाजूला उंची, रंग, चीर, डाग, डोळ्याला आणि फुटपट्टीला कळेल तेवढंच. मागे हवे ते अंदाज. पुढचं मागे चालेल, मागचं पुढे चालणार नाही. आमच्या टेस्टिंगच्या रिपोर्टातही एका रकान्यात मोजलेलं आणि दुसऱ्यात शेरा असतो, म्हणून मला ते लगेच समजलं. तिला समजायला वर्ष लागलं. बाई तिची कार्डं परत करत. पुढच्या बाजूवर ‘सुंदर’ असा शब्द आला की त्याभोवती गोल करत. देवनागरी वाचता येत नसताना बाईंना तो कसा कळायचा, हे मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, त्या मला प्रत्येक कार्ड इंग्रजीत वाचून दाखवायला लावतात, आणि मी अडखळले की गोल करतात.

मी एका संध्याकाळी एकच कार्ड घ्यायचं ठरवलं. कामावरून येऊन, जेवण करून, मुलगी अभ्यासाला बसली की मी तिच्या आईच्या टेबलाशी बसे. दोन्ही बाजू वाचायच्या, वहीत इंग्रजी करायचं, कार्ड खोक्यात परत. मुलगी रविवारी आठवड्याची पानं टाइप करून देई. काम दीड महिन्यात संपलं असतं. पण काही दिवशी कार्ड हातात घेऊन मी नुसता बसत असे, आणि काही आठवडे खोकं उघडतच नसे. कारण उघड होतं. तिनं मला उद्देशून लिहिलेली पत्रं संपून गेली होती, ती सगळी लग्नाआधीची. ही कार्डं मी आधी वाचलेली नव्हती. रोज एक वाचलं की रोज ती काहीतरी नवीन बोलत होती. खोक्याचा तळ मला दिसायला नको होता. पुढं जे झालं ते माझ्या या रेंगाळण्यामुळे झालं, म्हणून हे सांगतो.

एका कार्डावर काळा वाडगा होता. आतून बाहेरून काळा, त्यावर सशाच्या केसांसारख्या तांबूस रेघा. अशा वाडग्यात चहाची पूड घालून, वरून गरम पाण्याची धार धरून, बांबूच्या कुंच्यानं फेस येईपर्यंत घुसळत. काळ्यावर पांढरा फेस उठून दिसे म्हणून वाडगा काळा. याची एक कड फुटली होती आणि ती लाखेनं सांधून वर सोन्याची पूड लावली होती. मागच्या बाजूला तिनं लिहिलं होतं: ‘घडला चीनमध्ये, सांधला जपानमध्ये, ठेवला कॅलिफोर्नियात. कुठंतरी एका भिक्षूनं हा आपल्या कपड्यांत गुंडाळून जहाजावर नेला असणार. घरून निघताना मीही पितळी डबा साड्यांत गुंडाळला होता.’

एका कार्डावर एक खापर होतं. पश्चिमेकडच्या कुठल्यातरी बंदरात सापडलेलं, तपकिरी रंगात खजुराचं झाड असलेलं. तिकडच्या गिऱ्हाइकांना आवडावं म्हणून चिनी कुंभारानं काढलेलं. ‘कुंभारानं खजुराचं झाड पाहिलेलं नसावं,’ तिनं लिहिलं होतं. ‘केळीसारखं काढलं आहे. पण घड मात्र भरघोस. सांगणाऱ्यानं फळाचंच वर्णन केलं असेल.’

हे वाचून मी एकटाच हसलो. मुलीनं दारातून पाहिलं आणि परत गेली.

बाई एकदा आमच्या घरी जेवायला आल्या होत्या, ही जिवंत होती तेव्हा. जेवणानंतर तिनं आपला नेहमीचा चहा केला, आलं ठेचून, दूध घालून, चांगला उकळून. बाईंनी कप हातात घेऊन वास घेतला. मला वाटलं, आता हे नाकारणार. पण त्या म्हणाल्या की फार जुन्या काळी आमच्याकडेही चहा उकळत असत, त्यात आलं, मीठ, संत्र्याची साल घालत. मग पूड घुसळायला लागले. मग पानांवर नुसतं गरम पाणी घालायला लागले आणि आधीच्यांना अडाणी म्हणायला लागले. “तुमचा चहा आमच्या हजार वर्षांपूर्वीच्या चहासारखा आहे,” त्या म्हणाल्या. “दूध मात्र माफ करता येणार नाही.”

त्यांनी कप पूर्ण संपवला. नंतर आम्ही दोघं त्यावर बराच वेळ बोललो. चहा चीनमधून निघाला, आपल्याकडे तो साहेबाच्या हातून आला, आपण त्यात आलं घातलं, आणि ते आलं तिकडे आधीच घालून झालेलं होतं. कुणी कुणाला काय दिलं याचा हिशेब लागत नाही, असं मी म्हणालो. ती म्हणाली, लागतो, पण सावकाश लागतो.

आता झारी. बारावं कार्ड. वीतभर उंच, फिकट हिरव्या झिलईची, फुगीर पोट, उंच मान, एका बाजूला चपटा कान आणि दुसऱ्या बाजूला लांब, बारीक, टोकाशी किंचित खाली वळलेली तोटी. वाडग्यातल्या पुडीवर पाण्याची धार धरायची ती अशा झारीनं. ते बाईंच्या रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेलं होतं. माझ्या बायकोला प्रश्न पडला तो तोटीचा. भांड्याला इतकी बारीक, लांब तोटी का?

तिला उत्तर सुचलं ते आपल्या कुणालाही सुचलं असतं. तिच्या माहेरी पाणी वरून पीत. तांब्याला, भांड्याला ओठ लावायचा नाही, लावला की उष्टं. लहान मुलांना वरून पिता येत नाही, म्हणून त्यांना तोटीची छोटी झारी. तोटी दिसली की तिच्या मनात उष्टं आलं. मग तिनं वाचायला सुरुवात केली. बौद्ध भिक्षू पाण्याची कुंडिका घेऊन भारतातून चीनकडे गेले, हे खरंच आहे. तशी भांडी पुढे चीनमध्ये घडलीही. बाजूच्या तोंडातून भरायची आणि वरच्या नळीतून ओतायची. तिनं दुवा जुळवला. पात्राला ओठ न लावण्याचा नियम, नियमाबरोबर कुंडिका, कुंडिकेवरून तोटी, तोटी चहाच्या झारीला. बाराव्यापासून विसाव्यापर्यंत सगळी कार्डं याच वाटेनं जातात. मागच्या बाजू भरून वाहतात. विसाव्या कार्डाच्या शेवटी दोनदा अधोरेखित वाक्य आहे: ‘चहा त्यांचा, तोटी आपली.’

मी ही कार्डं एप्रिल-मेमध्ये इंग्रजीत करून बाईंना नेऊन दिली. त्यांनी ती वाचून टेबलावर सरळ रचून ठेवली आणि म्हणाल्या, पाटी याच्यावरूनच करू. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. जूनमध्ये पाटीचा कच्चा मसुदा आला, शेवटच्या ओळीत तिचं नाव. मुलीनं तो कागद फ्रिजवर चुंबकानं लावला.

मंडळाचे अध्यक्ष हृदयाचे डॉक्टर होते, मूळचे नागपूरचे, आणि आमच्याकडे त्यांचं येणं-जाणं होतं. मुलगी त्यांना काका म्हणे. त्यांनी फ्रिजवरचा कागद उभ्याउभ्या वाचला आणि ते खुर्चीवर बसलेच.

“म्हणजे बघ,” ते म्हणाले, “इतकी वर्षं हे लोक आपल्याला चायनीज चहाचं कौतुक सांगतात. चहा त्यांचा असेल, पण ओतायला आपण शिकवलं.”

मी म्हणालो, अगदी तसं नाही. ते म्हणाले, तसंच आहे, तू जरा जास्तच शास्त्रशुद्ध माणूस आहेस, म्हणून तुझं प्रमोशन अडतं. मंडळाच्या पत्रिकेत त्यांनी पुढच्या महिन्यात चौकट छापली. आपल्या भगिनीचा शोध, असं शीर्षक दिलं. ऑक्टोबरच्या उद्‌घाटनाला सगळ्यांनी जायचं ठरलं, कुणाच्या गाडीत कोण हेही ठरलं.

शेवटचं कार्ड मी ऑगस्टमध्ये वाचलं. ते एकेचाळिसावं होतं. अक्षर आधीच्यांपेक्षा मोठं आणि ओळी सोडून खाली घसरलेलं. हॉस्पिटलमध्ये लिहिलेलं असणार. ती आजारी पडल्यापासून चार महिन्यांत गेली, आणि त्यातला शेवटचा महिना तिथंच होती. खोकं तिनं तिथं मागवून घेतलं होतं आणि नंतर मीच ते घरी आणलं, पण तिला काही लिहिताना मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बाजूला, ‘काय दिसतं’: ‘झारी. फोटोवरून, भिंगानं. कानाच्या वरच्या टोकाशी मातीची गोल टिकली, खिळ्याच्या डोक्यासारखी. खाली दुसरी. बाराव्या कार्डात राहून गेली.’

मागच्या बाजूला: ‘मातीच्या कानाला खिळा लागत नाही. तो ओल्या मातीनं चिकटवतात. खिळा लागतो धातूच्या कानाला. म्हणजे कुंभारासमोर चांदीची सुरई होती, पश्चिमेकडून वाळवंटाच्या रस्त्यानं आलेली, आणि त्यानं खिळ्यासकट तिची नक्कल केली. आणि तोटी. या झारीत उकळतं पाणी असे. उकळतं पाणी वरून कोण पितं? ओठांचा इथं संबंधच नाही. धार नेमकी पडावी म्हणून तोटी बारीक. ती पहिल्यांदा कुणी लावली, ते मला ठाऊक नाही. सहा महिने मी उष्ट्याच्या मागे गेले. ते माझ्या आईच्या घरचं आहे, या झारीचं नाही. १२ ते २० मागे घेते. बाईंना सांगायचं.’

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला फक्त तिचा आवाज ऐकू आला आणि बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना कळलं, मी काय वाचतो आहे. हे कार्ड इंग्रजीत केलं तर फ्रिजवरच्या कागदाची शेवटची ओळ जाणार. आणि संग्रहालयासाठी हे वाचू शकणारा मी एकटा होतो.

नऊ दिवस मी ते कार्ड कोटाच्या आतल्या खिशात घालून कामावर गेलो. त्या दिवसांत मला जी कारणं सुचली ती सगळी बरी होती. ती आजारी होती, औषधांच्या गुंगीत होती. मेलेल्या माणसाच्या नावानं एक ओळ लागली तर जगातलं काय बिघडतं? शेवटी भारतातून कुंडिका गेलीच होती, अर्धं तरी खरं होतं. पण औषधांच्या गुंगीतल्या माणसाला भिंगातून खिळ्याचं डोकं दिसत नाही. माझ्या कामात असा मोह मी ओळखतो. एखादी चिप टेस्टमध्ये नापास होते, तेव्हा पहिला विचार येतो तो मशीनच बिघडलं असेल हा.

दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी मुलीला कार्ड दाखवलं आणि वाचून अर्थ सांगितला. ती सीरियल खात होती. तिनं चमचा खाली ठेवला.

“सो डोन्ट ट्रान्सलेट इट,” ती म्हणाली.

मी म्हणालो, तिनं लिहिलंय ते, बाईंना सांगायचं असंही लिहिलंय.

“नोबडी देअर कॅन रीड इट, बाबा. ओन्ली यू.”

“म्हणूनच.”

“देन हर नेम गोज.”

मी हो म्हणालो. तिनं फ्रिजकडे पाहिलं. मग मराठीत बोलली, जे ती क्वचित करे, सावकाश, एकेक शब्द शोधून: “तू आईचं नाव पुसतोयस.”

मी बूट घातले आणि स्टेशनवर गेलो. ट्रेनमध्ये मी कार्डाचं इंग्रजी मनात तीनदा केलं आणि तिन्ही वेळा ‘मागे घेते’ला मऊ शब्द शोधला. विचार बदलला. शंका आहे. पुन्हा तपासावं. मग मला आठवलं की पेन्सिलीनं लिहिणाऱ्या माणसाला ती वाक्यं खोडता आली असती, तिनं खोडली नव्हती. वेगळं कार्ड घेऊन नंबर घालून लिहिलं होतं.

बाई त्यांच्या खोलीत होत्या. मी कार्ड टेबलावर ठेवून त्यांना वाचून दाखवलं, एकेक ओळ, पुढची बाजू आणि मागची बाजू. ‘मागे घेते’ला साधा शब्द वापरला. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग त्या उठून खाली गेल्या, आणि दहा मिनिटांनी झारी दोन्ही हातांत धरून वर आल्या. टेबलावर कापड अंथरून त्यावर ठेवली. कानाच्या टोकाशी टिकली होती. मसुराच्या दाण्याएवढी.

“मला तिचा तोटीचा विचार पहिल्या दिवसापासून पटला नव्हता,” बाई म्हणाल्या.

मी विचारलं, मग पाटी का केलीत?

त्यांनी सांगितलं ते असं. जानेवारीत त्या हिला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेल्या होत्या. वाद घालायचा म्हणूनच गेल्या होत्या, झारीचा मोठा फोटो बरोबर घेऊन. पाच वर्षं त्या दोघी प्रत्येक कार्डावर भांडत आल्या होत्या. पण खाटेवर हिला पाहिलं आणि त्यांच्यानं वाद घालवला नाही. ही तोटीबद्दल बोलत राहिली आणि त्या होकारार्थी मान हलवत राहिल्या. फोटो तिच्या उशाशी ठेवून त्या निघून आल्या.

“मी मान हलवली, तेव्हाच तिला कळलं असणार,” त्या म्हणाल्या. “मी तिच्याशी कधीच सहमत होत नसे. ती गेल्यावर मग मी ठरवलं, ही एक पाटी अशीच जाऊ दे. तीस वर्षांत मी असं केलेलं नाही.” मग म्हणाल्या, “मी तिला आजारी माणूस समजले. ती तर कामच करत होती.”

मी भीतभीत विचारलं की खिळ्याची गोष्ट नवीन आहे का. त्यांना माझ्या प्रश्नाचा रोख कळला. या वेळी त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली नाही, सरळ सांगितलं की नवीन नाही. धातूच्या भांड्यांची मातीत केलेली नक्कल ही जुनी, माहीत असलेली गोष्ट आहे. या झारीवरची टिकली रजिस्टरमध्ये लिहायची राहून गेली होती, एवढंच. हिला ते कुणी शिकवलेलं नव्हतं, तिनं स्वतः पाहिलं. पण नाव द्यावं असं ते नाही.

“पाटीवर देता येणार नाही,” त्या म्हणाल्या. मग कपाटातून एक जाड फाइल काढली. प्रत्येक वस्तूची अशी एक फाइल असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कुणी विकली, कुणी दिली, कुणी काय म्हटलं, काय चूक निघालं, सगळं त्यात राहतं. संग्रहालय असेपर्यंत राहतं. त्यांनी बारा ते वीस ही माझी भाषांतरं त्यात घातली, आणि त्यावर एकेचाळिसावं कार्ड, तिच्या अक्षरातलं. मी तिथंच बसून त्याचं इंग्रजी लिहून दिलं, आणि खाली तिचं पूर्ण नाव. बाईंनी कार्ड घेताना विचारलं, मूळ तुम्हाला हवं असेल ना? मला हवं होतं. पण मी म्हणालो, राहू दे, ते झारीचं आहे.

घरी आल्यावर फ्रिजवरचा कागद गेलेला दिसला. मुलीनं तो काढून आपल्या खोलीत नेला होता. पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली. नवी पाटी बाईंनी इंग्रजीत लिहून पाठवली, ती मात्र तिनंच टाइप केली. टाइप करताना तिला एका जागी थांबलेलं मी पाहिलं. तिनं विचारलं, रिव्हेट, म्हणजे तो खिळा, नेमका कुठे? मी माझ्या कपाच्या कानावर बोट ठेवून दाखवलं. ती मान हलवून पुन्हा टाइप करू लागली.

पाटी सात ओळींची होती. झारीचा घाट पश्चिमेकडच्या चांदीच्या सुरईवरून घेतला आहे, कानावरचे मातीचे खिळे पाहावेत, अशा झारीतून चहाच्या पुडीवर गरम पाणी ओतत, तोटीचं मूळ ठाऊक नाही. नाव नव्हतं.

डॉक्टरांना मी फोन करून आधी सांगितलं होतं. ते नाराज झाले. पत्रिकेत छापून झालं, आता काय, असं म्हणाले. तरी उद्‌घाटनाच्या रविवारी दोन गाड्या भरून मंडळी आली, काकू सिल्कच्या साड्यांत, मुलं कंटाळलेली. बाईंनी भाषण केलं नाही. दिवा लावला आणि बाजूला झाल्या. बायकोनं कागदावर आखलेल्या जागांवर सगळी भांडी होती, काळा वाडगा डावीकडे, खापर समोर, झारी मध्ये, तोटी उजवीकडे वळवून.

डॉक्टरांनी चष्मा चढवून पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

“मग यात आपलं काय राहिलं?” त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत मुलगी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. “काका, लुक,” ती म्हणाली आणि काचेवर बोट टेकवलं. “हँडलच्या वर. तो डॉट दिसतो?”

डॉक्टर वाकले. त्यांना पटकन दिसेना. ती त्यांना सांगत राहिली, जरा डावीकडे, नाही, वर, आता लाइटमध्ये या. “तो खिळा आहे, पण मातीचा. क्लेला खिळा लागत नाही.”

“मग लावला कशाला?”

“कारण त्यानं सिल्व्हरचा पॉट बघून केला. आईला दिसला तो. फोटोत.”

डॉक्टर काचेला नाक लावून वाकलेलेच राहिले. त्यांच्यामागे एक काकू थांबल्या, मग आणखी एक. मुलगी प्रत्येकीला जागा दाखवत होती.